मॅमथ केव्ह : कोणती फेरी घ्यावी आणि खाली काय पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिकागोत राहणारे एक मराठी कुटुंब ऑक्टोबरमध्ये केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह राष्ट्रीय उद्यानाला जाणार आहे. सोबत पुण्याहून आलेले आई-वडील आहेत. आईंचा एक गुडघा बदललेला आहे, वडील मात्र रोज फिरणारे आहेत. सात वर्षांचा मुलगाही बरोबर असेल. हाताशी दीड दिवस आहे. ‘तिथे पाहण्यासारखे काही नाही, नुसते मोठमोठे रिकामे बोगदे आहेत’ असे एका परिचितांनी त्यांना सांगितले आहे. तेव्हा जावे की न जावे, आणि जायचेच तर मार्गदर्शकासोबतची कोणती फेरी घ्यावी, अशी विचारणा आहे.

माझे उत्तर : अवश्य जावे. तुमच्या परिचितांनी जे पाहिले ते बरोबर पाहिले, फक्त ते तसे का आहे हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही. चुनखडीच्या प्रदेशातील भूजल हा माझ्या कामाचा विषय असल्यामुळे या भागात माझे जाणे-येणे होत असते, आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांनाही मी तेथे नेले आहे. त्यांपैकी जे निराश होऊन वर आले, ते जवळजवळ सगळे चुकीच्या फेरीचे तिकीट काढून गेलेले होते. फेरीची निवड दोन गोष्टींवर करावी : पायऱ्या किती आहेत, आणि ती फेरी डोंगराच्या कोणत्या भागाखालून जाते. पहिली गोष्ट सगळेच पाहतात. दुसरीकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाने पाहिलेल्या गुहा बहुतेक करून अजिंठा, वेरूळ, कार्ला, भाजे येथील असतात, म्हणजे माणसाने छिन्नी-हातोड्याने बेसॉल्टमध्ये कोरलेल्या. बेसॉल्ट पाण्यात चुनखडीसारखा विरघळत नाही, त्यामुळे दख्खनच्या पठारावर पाण्याने तयार केलेल्या मैलोगणती गुहा सापडत नाहीत. ज्यांनी आंध्र प्रदेशातील बोरा गुहा पाहिल्या आहेत, त्यांच्या मनात छतापासून लोंबणारे आणि जमिनीतून वर आलेले लवणस्तंभ पक्के बसलेले असतात आणि मॅमथमध्येही ते तेच शोधत राहतात. येथे मात्र प्रवाशांना दाखवल्या जाणाऱ्या बहुतेक भागांत लवणस्तंभ नाहीत, आणि ते नसण्याचे कारण हीच गुहा एवढी मोठी होण्याचेही कारण आहे.

सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुनखडीचे जाड थर साचले, आणि नंतर त्यांच्यावर नद्यांनी आणलेल्या वाळूचा थर बसून त्याचा वालुकाश्म झाला. पावसाचे पाणी हवेतून आणि त्याहून अधिक मातीतून कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळवते. वालुकाश्मावर त्याचा तसा परिणाम होत नाही. त्यामुळे येथील डोंगररांगांच्या माथ्यावर वालुकाश्माचे जणू छप्पर आहे. दक्षिणेकडे जेथे हे छप्पर झिजून गेले आहे तेथे हजारो विलयविवरे, म्हणजे खालची चुनखडी विरघळून जमिनीत पडलेले खड्डे, आहेत, ओढे त्यांत शिरून दिसेनासे होतात, आणि ते पाणी डोंगरांच्या खालून वाट काढीत ग्रीन नदीला मिळते. ही भूमिगत वाट म्हणजेच गुहा. नदी जसजशी आपले खोरे खोल करत गेली, तसतसे पाणी वरचे बोगदे सोडून खालच्या पातळीवर नवे बोगदे कोरू लागले. वरचे बोगदे कोरडे पडले, आणि माथ्यावरचे वालुकाश्म पाणी आत येऊ देत नसल्याने ते कोसळण्यावाचून किंवा चुन्याने बुजण्यावाचून लक्षावधी वर्षे तसेच राहिले. सर्वांत खालच्या पातळीवर हे काम आजही चालू आहे. ४२६ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे ६८६ किलोमीटर लांबीचे मार्ग आतापर्यंत मोजून झाले आहेत. ज्ञात गुहांमध्ये ही जगात सर्वांत लांब आहे आणि मोजणी अजून थांबलेली नाही. प्रवाशांसाठी यांतील साधारण दहा मैलांचेच मार्ग वापरले जातात.

आता फेऱ्यांचा विचार या दृष्टीने करावा. डोंगराच्या मध्याखाली, अखंड छपराच्या खाली, सगळे कोरडे आणि भव्य असते. छपराची कड जेथे येते तेथे पाणी आत शिरते, आणि मग दोनच गोष्टी घडतात : जोराने पडणारे पाणी खडकात उभी विवरे खणते, आणि संथ झिरपणारे पाणी चुन्याचे लवणस्तंभ उभारते. लवणस्तंभ पाहायचे असतील तर कडेला जावे, आणि गुहेचा आवाका अनुभवायचा असेल तर मध्याखाली जावे. तुमच्याकडे दीड दिवस असल्यामुळे दोन्ही जमण्यासारखे आहे.

पहिल्या दिवशी दुपारी सगळ्यांनी मिळून ‘फ्रोझन नायगरा’ ही फेरी घ्यावी. अभ्यागत केंद्रापासून बसने नेतात, चालणे अर्ध्या किलोमीटरहूनही कमी आहे आणि पूर्ण फेरी सव्वा तासाची आहे. वाटेत केवळ बारा पायऱ्या आहेत. पुढे खालच्या दालनात उतरण्यासाठी अठ्ठ्याण्णव पायऱ्यांचा एक जोडभाग आहे. तो ऐच्छिक आहे, त्यामुळे आईंनी वरच थांबावे आणि बाकीच्यांनी उतरून यावे. लवणस्तंभ, पडद्यांसारखे लोंबणारे चुन्याचे थर आणि फेरीला जिचे नाव दिले आहे ती ओघळत आलेल्या चुन्याची प्रचंड भिंत हे सर्व येथे हाताच्या अंतरावर दिसते. हात मात्र लावू नये, कारण त्वचेवरील तेलकट थर खडकावर बसला की त्या ठिकाणी चुना नीट साचत नाही. मुलाला हे आत जाण्यापूर्वीच समजावून सांगावे. आत गेल्यावर सांगण्याचा उपयोग होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही, वडील आणि मुलगा यांनी ‘हिस्टॉरिक’ फेरी घ्यावी. दोन तास, दोन मैल आणि सुमारे ५४० पायऱ्या. आईंसाठी ती नाही, याबाबत कोणी कितीही धीर दिला तरी ऐकू नये, कारण शेवटच्या टप्प्यात एका उभ्या विवरातून लोखंडी जिन्याने सलग वर चढावे लागते आणि मध्येच बाहेर पडण्याची वाट नसते. हीच फेरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो, आणि तुमच्या परिचितांनी बहुधा हीच केली असावी, कारण रिकामे बोगदे पाहायला मिळतात ते येथेच. तिचे प्रवेशद्वार नैसर्गिक आहे. त्यातून उतरून थोडे चाललात की ‘रोटुंडा’ नावाचे विशाल दालन लागते. तेथे उभे राहून एवढेच ध्यानात घ्यावे की छतापर्यंतची ही सगळी पोकळी एका नदीने कोरली, आणि आज ती नदी तुमच्या पायांखाली आणखी खोल वाहते आहे.

तेथेच लाकडी हौद आणि पोखरलेल्या ओंडक्यांचे नळ दिसतील. १८१२ साली ब्रिटनशी युद्ध सुरू झाल्यावर बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा अमेरिकेला बाहेरून मिळेनासा झाला, तेव्हा या गुहेतील कोरडी माती धुऊन सोऱ्यासाठी लागणारे नायट्रेट काढले जाऊ लागले. ते काम गुलामांकडून करून घेतले गेले. मातीत नायट्रेट टिकून राहिले ते ती कोरडी असल्यामुळे, आणि ते लाकूड दोनशे वर्षांनंतरही कुजलेले नाही तेही त्याच कारणाने. त्याहून कितीतरी आधी, दोन ते चार हजार वर्षांपूर्वी, येथील मूळ रहिवासी बांबूच्या जातीच्या गवताच्या मशाली घेऊन या बोगद्यांत मैलोगणती आत जात असत आणि भिंतींवरील जिप्सम हे मऊ खनिज खरवडून नेत असत. त्यांच्या मशालींचे जळके तुकडे आजही आत सापडतात. तेव्हा या बोगद्यांना रिकामे म्हणणे मला पटत नाही; लवणस्तंभांच्या ओलसर दालनांत यातले काहीच टिकले नसते.

पुढे याच मार्गावर ‘बॉटमलेस पिट’ हे खोल विवर ओलांडावे लागते. आज त्यावर भक्कम पूल आहे. १८३८ साली स्टीफन बिशप हा किशोरवयीन गुलाम येथे वाटाड्या म्हणून आणला गेला आणि त्याने हे विवर ओलांडून पलीकडची गुहा प्रथमच उघड केली; तेथील भूमिगत नद्या आणि त्यांतले दृष्टिहीन मासे त्यानंतर जगाला ठाऊक झाले. १८४२ मध्ये त्याने या गुहेचा नकाशा स्मरणातून काढला आणि तो पुढे कित्येक दशके उपयोगात राहिला. ज्या माणसाच्या मालकीचे स्वतःचे शरीरही नव्हते त्याच्या ज्ञानावर देशोदेशीचे विद्वान आणि श्रीमंत प्रवासी विसंबून असत. १८५६ मध्ये तो मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी वारला. गुहेचा त्या वेळचा मालक डॉ. जॉन क्रॉगन याने १८४२-४३ मध्ये क्षयरोग्यांना गुहेत ठेवून पाहिले. आतल्या स्थिर हवेने ते बरे होतील अशी त्याची कल्पना होती. अंधार, थंडी आणि चुलींचा धूर यांमुळे ते खंगत गेले, काही दगावले आणि प्रयोग गुंडाळावा लागला. त्यांच्यासाठी बांधलेल्या दगडी खोल्यांपैकी दोन अजून उभ्या आहेत. त्या ‘हिस्टॉरिक’च्या वाटेवर लागत नाहीत, कंदिलाच्या उजेडात होणाऱ्या तीन तासांच्या फेरीत दिसतात. ती फेरी उत्तम आहे, परंतु सात वर्षांच्या मुलासाठी फार लांब आणि खडबडीत आहे.

‘फॅट मॅन्स मिझरी’ या चिंचोळ्या भागाविषयी लोक उगाच घाबरतात. तेथे वाट कमरेच्या खाली अरुंद आहे. वर खांद्यांपाशी जागा मोकळी आहे. त्यानंतर मात्र छत इतके खाली येते की उंच माणसाला बरेच वाकून चालावे लागते, त्यामुळे पाठीचे दुखणे असेल तर तो भाग अधिक त्रासाचा. शेवटी ज्या विवरातून वर चढायचे त्याला ‘मॅमथ डोम’ म्हणतात. ते छपराच्या कडेवर आहे, म्हणून तेथे वरून पाणी ठिबकत असते. दोन तास कोरड्या बोगद्यांत चालून अचानक डोक्यावर थेंब पडू लागले की आपण डोंगराच्या कोणत्या भागाखाली आलो हे मुलालाच विचारावे.

इतर फेऱ्यांबद्दल थोडक्यात. ‘डोम्स अँड ड्रिपस्टोन्स’ लोकप्रिय आहे आणि तशी ती योग्यही आहे, कारण ती विलयविवरातून शिरून, उभ्या विवरांतून उतरून, कोरड्या बोगद्यातून शेवटी फ्रोझन नायगरापाशी येते. एक दिवसच हाताशी असता आणि आई सोबत नसत्या तर मी हीच सुचवली असती. तीत एकूण सुमारे पाचशे पायऱ्या आहेत आणि त्यांतल्या २८० पहिल्याच उतरणीत सलग येतात, त्याही अरुंद आणि ओल्या. ‘ग्रँड अव्हेन्यू’ चार तासांची आणि चार मैलांची आहे. भिंतींवर जिप्समची नाजूक, पाकळ्यांसारखी वळलेली फुले तीत दिसतात, पण मुलाला ती झेपणार नाही. रांगत जाण्याची ‘वाइल्ड केव्ह’ फेरी वेगळ्याच प्रकारची असून तिला वयाची आणि छाती-कमरेच्या घेराची मर्यादा आहे.

आईंसाठी आणखी एक शक्यता तपासून पाहावी. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी लिफ्टने खाली नेणारी एक फेरी आहे. तीत एकही पायरी नसते आणि जिप्सम असलेला कोरडा बोगदा पाहता येतो. जागा थोड्या असतात आणि लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद असण्याचे प्रसंग येतात, त्यामुळे निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर चौकशी करावी. ती मिळाली तर आईंना गुहेच्या दोन्ही बाजू पाहायला मिळतील.

आरक्षणाबाबत माझे मत ठाम आहे : शिकागोहून निघण्याच्या कितीतरी आधी तिकिटे काढावीत. उद्यानात प्रवेश विनामूल्य आहे, शुल्क फेऱ्यांचे असते, आणि तिकिटे रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. ऑक्टोबरमध्ये आसपासच्या राज्यांतील शाळांना सुट्टी असते, आणि आयत्या वेळी आलेल्यांना उरलीसुरली फेरी घ्यावी लागते. चुकीच्या फेरीमुळे होणारी निराशा बहुतेक वेळा येथेच सुरू होते.

वेळेचा एक घोळ शिकागोकरांना हमखास होतो. पासष्ट क्रमांकाच्या महामार्गाने खाली येताना इंडियानात तुम्ही पूर्व प्रमाणवेळेत शिरता, लुईव्हिल शहरही त्याच वेळेवर चालते, आणि त्यानंतर केंटकीतच पुन्हा मध्य प्रमाणवेळ लागते. मॅमथ केव्ह मध्य प्रमाणवेळेवर, म्हणजे शिकागोच्याच वेळेवर आहे. रात्री लुईव्हिलमध्ये मुक्काम केलात तर सकाळी तुमच्या हाती एक तास जास्त असेल. परतताना मात्र तोच तास जातो. उत्तरेकडून येताना त्रेपन्न क्रमांकाच्या फाट्याने केव्ह सिटीमार्गे यावे. फोनमधील नकाशा कधी कधी ग्रीन नदीवरील तराफ्याकडे वळवतो, आणि तो तराफा पाणी चढले किंवा फार उतरले की बंद असतो. उद्यानात फोनला संपर्क जेमतेम मिळतो, म्हणून तिकिटे आधीच फोनवर उतरवून ठेवावीत आणि फेरीच्या अर्धा तास आधी पोहोचावे.

आत तापमान वर्षभर सुमारे १२ अंश सेल्सिअस असते. उन्हाळ्यात मुख्य प्रवेशद्वारातून थंड हवेचा झोत बाहेर येतो आणि हिवाळ्यात उलटा, बाहेरची गार हवा आत ओढली जाते; ऑक्टोबरात दोहोंपैकी काहीही असू शकते. आई-वडिलांसाठी स्वेटर घ्यावा, कानटोपी नाही घेतली तरी चालेल. सर्वांनी तळ न घसरणारे बूट घालावेत, साडी व चपला टाळाव्यात. फ्लॅश आणि तिपाई वापरण्यास बंदी आहे. वाटेत बहुधा मार्गदर्शक दिवे घालवून पूर्ण अंधार दाखवतात. डोळ्यांपुढे धरलेला हातही दिसत नाही इतका तो गडद असतो, आणि तो काही क्षणांचाच असतो हे मुलाला आधी सांगितले तर तो घाबरणार नाही.

फेरी संपल्यावर साबणाच्या द्रावणाने भिजवलेल्या पायपुसण्यांवरून चालवतात. व्हाइट नोज सिंड्रोम या बुरशीच्या रोगाने उत्तर अमेरिकेत लक्षावधी वटवाघळे मेली आहेत, आणि २०१३ साली तो या उद्यानातही आढळला. माणसाला त्याचा अपाय नाही, पण बुटांवरून बुरशीचे बीजाणू दुसऱ्या गुहेत पोहोचतात. विस्कॉन्सिनमधील किंवा इतर कोणत्याही गुहेत वापरलेले बूट आणि कपडे घालून येथे येऊ नये, आणि येथले बूट तसेच दुसरीकडे नेऊ नयेत.

तुम्ही खाली असाल तेव्हा आईंनी आणि त्यांच्यासोबत जो थांबेल त्याने अभ्यागत केंद्राजवळील ‘हेरिटेज ट्रेल’वर फिरावे. ही पायवाट सपाट आहे, वाटेत बाके आहेत आणि तिच्याच कडेला जुन्या वाटाड्यांची दफनभूमी आहे, जेथे स्टीफन बिशपची कबर आहे. मोटारीने थोड्या अंतरावर ‘सँड केव्ह’ ही छोटी गुहा आहे आणि तिच्यापर्यंत लाकडी फळ्यांची सपाट वाट केलेली आहे. १९२५ च्या जानेवारीत फ्लॉइड कॉलिन्स हा गुहाशोधक तेथे पायावर दगड पडून अडकला, त्याच्या सुटकेचे प्रयत्न दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले आणि सारा देश त्या बातम्यांकडे डोळे लावून बसला. तो वाचला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने या उद्यानाला मान्यता दिली, आणि १ जुलै १९४१ रोजी ते प्रत्यक्ष स्थापन झाले. त्यासाठी येथील शेतकरी कुटुंबांना घरे सोडावी लागली. जंगलात त्यांची देवळे, म्हणजे छोटी चर्चे, आणि दफनभूमी अजून दिसतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेळ उरला तर ‘रिव्हर स्टिक्स स्प्रिंग’ची पायवाट घ्यावी. आईंना उतार जड जाईल, बाकीच्यांना अर्ध्या तासाचे काम आहे. जेथे गुहेतील पाणी डोंगराच्या पायथ्यातून बाहेर पडून ग्रीन नदीला मिळते ते ठिकाण तेथे दिसते. सकाळी रोटुंडामध्ये जी नदी पायांखाली आहे असे मानून घ्यावे लागले होते, तिचे पाणी येथे उजेडात येते. मोठा पाऊस होऊन ग्रीन नदी फुगली असेल तर प्रवाह उलटा फिरून नदीचेच पाणी गुहेत शिरते. तसे असेल तर पायवाटेचा खालचा भाग बुडालेला असतो, तेव्हा उतरण्यापूर्वी अभ्यागत केंद्रात विचारून घ्यावे.